'बॅग'ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

मृण्मयी_को
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे. मी घरून भाषांतराची कामं करते. सध्या कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाचं ॲप मराठीत आणायचं काम हातात आहे. इंग्रजीत त्यांनी सगळीकडे 'बॅग' वापरलंय, म्हणजे आपण पसंत केलेला कुर्ता त्या बॅगेत जातो आणि मग पैसे भरायचे. मला तीन ठिकाणी मराठी हवंय: बॅगेत टाका, तुमची बॅग, आणि तुमची बॅग रिकामी आहे.

माझ्याआधी कुणीतरी हे मशीनवर करून घेतलं होतं. तिसऱ्या ठिकाणी "तुमची झोळी रिकामी आहे" असं आलंय! आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, अगं हे कुर्ता विकतायत की आपल्याला माधुकरी मागायला पाठवतायत.

मग मी घरातच बघायला लागले. आमच्या दारामागे खुंट्यांची एक पट्टी आहे. तिच्यावर मंडईला न्यायची ती पिशवी, लेकीचं ते दप्तर (ती स्वतः सॅक म्हणते), माझी ती पर्स, सासूबाईंचा तो बटवा, आणि नवऱ्याची लॅपटॉपची तेवढी बॅग. माळ्यावर प्रवासाच्या बॅगा आहेत त्या वेगळ्या. म्हणजे इंग्रजीत ज्याला एक शब्द पुरतो त्याला आमच्या एका दाराला पाच लागतात. मग ॲपमध्ये कुठला घालू? सोमवारी सकाळी द्यायचंय.

पेठेतला_पक्या
बॅग. विषय संपला. शनिपाराच्या बसस्टॉपवर उभं राहून कुणालाही विचारा, प्रत्येकाला कळतो. टेबल, बस, पेन आपण भाषांतरित करत नाही.

विद्या_ग
पक्या, विषय इतक्यात संपत नाही रे. टेबलला आपल्याकडे घरोघर रुळलेला दुसरा शब्द नव्हता म्हणून टेबल आलं. इथे तर 'पिशवी' धडधाकट जिवंत आहे, रोज तोंडात आहे. दुधाची पिशवी, भाजीची पिशवी, चपलांची पिशवी. "पिशवीत टाका" किती सोपं आणि आपलं वाटतं. मृण्मयी, माझं मत पिशवीला.

कोथरूडची_सई
पिशवीला +१. वाणी पण हेच विचारतो, "पिशवी आणलीय का?"

गुलटेकडीकर
थोडं मोठं लिहितो, कारण हा विषय माझ्या घरचाच आहे. माझे वडील मार्केटयार्डात हमाल होते. आमच्याकडे 'बॅग' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सिमेंटच्या बाबतीत, बांधकामावर सगळे बॅगच म्हणतात, "स्लॅबला किती बॅगा गेल्या". तीच पन्नास किलोची चीज भुसार बाजारात आली की पोतं, कांदा-बटाट्याकडे गेली की गोणी, आणि लहान असेल तर कट्टा. रिकामं झालं की बारदान. बारदानाचं वजन मालातून वजा करायचं यावरून रोज वाद, म्हणून तो शब्द आमच्याकडे पोरासोरांना पण माहीत. फाडून पसरलं तर गोणपाट किंवा तरट. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर तर यातलं काहीच नसतं, तिथे 'डाग' असतात, "एकूण डाग चौदा". त्यात पोती आली, खोकी आली, सगळं आलं.

वडील सांगायचे की पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं आणि पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. ओझं पन्नासवर आलं त्यामागे हमाल पंचायतीची फार वर्षांची मागणी आहे. त्यांच्या उजव्या खांद्यावर कातडं जाड झालं होतं, तळपायाला असतं ना तसं. सुताचा टॉवेल चौघडी करून तिथे ठेवायचे आणि मग लोखंडी आकडा पोत्याच्या कानाला लावायचे. पोत्याच्या वरच्या कोपऱ्यांना आम्ही कान म्हणतो. दाभणाने शिवताना सुतळीची दोन शिंगं काढून ठेवतात तेच हे कान, म्हणजे उचलणाऱ्याला धरायला काहीतरी राहतं. ज्यानं पोतं शिवलं त्यानं कान नीट सोडले नाहीत तर वडील चिडायचे. म्हणायचे, हा कधी पोतं उचललेला माणूस नाही.

मृण्मयीताई, तुमच्या कामाला यातला एकही शब्द लागणार नाही ते कळतंय. पण वस्तूत काय भरलंय, ती कोण उचलतंय आणि किती जड आहे यावर आपल्याकडे नाव ठरतं, एवढं मात्र बाजारात राहून समजलं.

पेठेतला_पक्या
गुलटेकडीकर, दंडवत. मी माझं "विषय संपला" मागे घेतो.

जुनी_पानं
गुलटेकडीकरांच्या 'गोणी'वरून सांगतो. इंग्रजीतला 'गनी बॅग' यातला गनी म्हणजे आपली गोणीच. काही इंग्रजी कोशांत तो मराठीतून गेलेला शब्द म्हणून नोंदलाय आणि मागे संस्कृत 'गोणी'. पाणिनीच्या अष्टाध्यायीतसुद्धा गोणी आहे, सामान भरायचं साधन याच अर्थानं. अडीच हजार वर्षांच्या आसपास एक शब्द रूपही न बदलता तोच अर्थ वाहतोय आणि आजही गुलटेकडीला रोज सकाळी हाकारला जातोय. मला तर वाचून भरून आलं होतं.

आता 'बॅग'कडे. हा इंग्रजांनी स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडून घेतला, जुन्या नॉर्स भाषेत 'बाग्गी'. 'सॅक' त्याहून जुना, ग्रीक 'साक्कोस'मधून आणि त्यामागे हिब्रूसारख्या सेमिटिक भाषा. आणि सगळ्यात गोड म्हणजे 'बजेट'. जुन्या फ्रेंचमध्ये 'बुजेत' म्हणजे कातड्याची छोटी पिशवी! अर्थमंत्री हिशेबाचे कागद ज्या पिशवीतून आणायचे तिचंच नाव हिशेबाला पडलं. भारतात पहिलं बजेट १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी मांडलं. पुढे बजेटचे कागद चामडी बॅगेतून आणायची रीत फार वर्षं चालू होती. मग ५ जुलै २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी ब्रीफकेस सोडून लाल कापडात गुंडाळलेली चोपडी आणली. म्हणजे जी वस्तू स्वतःच पिशवी होती तिचं गाठोडं झालं.

निवृत्त_मास्तर
जुनी_पानं यांनी लाल कापड काढलंच आहे तर 'दप्तर' मी सांगतो. चौतीस वर्षं शाळेत काढली, हा शब्द माझ्या हक्काचा आहे.

दप्तर फारसीतून आला, तिकडे 'दफ्तर' म्हणजे नोंदवही, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं, कारण लिहायचे कातड्यावर. हिंदीत त्याचं कचेरी झालं. आपल्याकडे सरकारी कागदपत्रांचा साठा झाला आणि तिथून मुलांच्या पाठीवर आला. हे कसं झालं असेल त्याचा माझा अंदाज सांगतो. आपल्या पुण्यात पेशवे दप्तर आहे, ते कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधून ठेवलेले असतात, त्या एकेका गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. आता माझ्या लहानपणी गावाकडे शाळेत जाताना आम्ही काय न्यायचो? एका फडक्यात पाटी, पुस्तक, पेन्सिलीचा तुकडा ठेवायचा, समोरासमोरची टोकं बांधायची आणि गाठीत हात घालून निघायचं. तो रुमालच की! कागद कापडात बांधले की ते दप्तर, मग ते नाना फडणविसांचे असोत की आमचे.

शिवलेली पिशवी मी पाचवीत असताना आली. आईनं जुन्या धोतराची शिवली होती, पावसात भिजली की आतल्या पुस्तकाच्या कडांना निळा रंग चढायचा, शाई उतरायची.

आणि एक पोटतिडकीनं सांगतो. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असा सरकारी नियम आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. आज रात्री पालकांनी घरच्या वजनकाट्यावर दप्तर ठेवून बघा.

कोथरूडची_सई
सर, आत्ताच ठेवलं. मुलगा सव्वीस किलो, दप्तर पाच किलो दोनशे ग्रॅम. आत दोन पाण्याच्या बाटल्या सापडल्या, एक परवाची.

ट्रेकवेडा
मुलं दप्तर म्हणत नाहीत हो सर, सॅक म्हणतात. मी पण सॅकच म्हणतो. सिंहगडला जाताना सॅक, ऑफिसला सॅक. पुण्याबाहेरच्या मित्राला एकदा इंग्रजीत सांगितलं की माझी सॅक हरवली, तर त्याला वाटलं धान्याचं पोतं हरवलं. मग कळलं की इंग्रजीत नुसतं सॅक म्हणजे पोतंच, आपली ती रकसॅक. आपण पुढचं 'रक' कधीच सोडून दिलं.

जुनी_पानं
रकसॅक जर्मन आहे, पाठीवरचं पोतं. म्हणजे जे टाकलं ते 'पाठ' आणि जे ठेवलं ते 'पोतं'. याच घरातली दुसरी बहीण 'हॅवरसॅक', तीही जर्मन, 'हाबर' म्हणजे ओट. घोडेस्वार आपल्या जनावराचे ओट ज्यात ठेवायचे ती पिशवी. आणि घोड्याच्या चंदीच्या पिशवीला मराठीत काय म्हणतात? तोबरा! म्हणजे मिलिटरी सामानाच्या दुकानात जाऊन आपण शंभर टक्के मराठीत "एक तोबरा दाखवा" म्हणू शकतो.

ट्रेकवेडा
आणि दुकानदार पानपट्टीचा पत्ता देईल :) तोबरा म्हटलं की मला पानानं भरलेलं तोंडच दिसतं.

निवृत्त_मास्तर
पानाचा तोबरा त्या घोड्यावरूनच आलाय बाळा. तोंडाला पिशवी बांधलेला घोडा बघितला असतास तर लगेच पटलं असतं.

तंबोरा
सगळ्यांचं वाचतेय, छान वाटतंय. माझी भर एकाच शब्दाची. गिटारची बॅग असते, तबल्याची पण आता बॅगच म्हणतात, पण तंबोऱ्याची मात्र गवसणी. वाद्याला मापानं शिवलेली खोळ. 'आकाशाला गवसणी घालणं' आपण भाषणात शंभरदा ऐकतो, पण त्यात मुळात शिंप्याचं काम आहे हे फार जणांना ठाऊक नसतं: एवढ्या आभाळाला खोळ शिवायची! माझ्या गुरूंच्या तंबोऱ्याची गवसणी गोधडीसारखी होती, आतून मऊ जुनं लुगडं आणि बाहेरून खादी, भोपळ्याकडे दुहेरी. कार्यक्रम झाला की बाई आधी तारा उतरवायच्या, मग गवसणी घालायच्या, आणि मगच स्वतः पाणी प्यायच्या. आता त्याच तंबोऱ्याला फायबरची पेटी आहे. सुरक्षित आहे, खरंच चांगली आहे. पण पेटीला कुणी गवसणी म्हणत नाही आणि मी गेले की आमच्या घरातून तो शब्द जाईल.

विद्या_ग
तंबोरा, शब्द जात नाही असा. आज इतक्या जणांनी वाचला की.
अशीच आणखी काही मापाची नावं आठवली. जपमाळेची गोमुखी, न्हाव्याची धोकटी, पान-तंबाखूची चंची, बैलावरून पाणी न्यायची पखाल. सगळ्या इंग्रजीत 'अमुक बॅग, तमुक बॅग' होतील. आपल्याकडे प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे.

बाणेरकर_०७
एक भांडण सोडवा. बायको म्हणते पर्स बायकांची आणि पुरुषांचं पाकीट. मी म्हणतो पाकिटात पत्र असतं.

पेठेतला_पक्या
वहिनी बरोबर. पाकीट दोन्ही असतं, पत्राचं पण आणि पैशाचं पण. म्हणून तर पाकीटमार. पत्रमार ऐकलाय का कधी?

शिवणटिपण
मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून विकते, धनकवडीत. गिऱ्हाईक कसं मागतं ते सांगते, मृण्मयीला उपयोगी पडेल. साठीच्या पुढच्या बायका "पिशवी द्या" म्हणतात आणि उलटी करून बूड बघतात, दोन शिलाया आहेत का. पस्तीस-चाळीसच्या "कापडी बॅग आहे का" विचारतात. कॉलेजच्या मुली "टोट" म्हणतात आणि आतला कप्पा बघतात, मोबाइल मावतो का. कापड तेच, माप तेच. मी किमतीचा कागद लावते त्यावर "कापडी पिशवी" लिहिते, आणि एकदा फक्त अक्षर बदलून "कापडी बॅग" लिहिलं तर त्या दिवशी मुलींनी जास्त हात लावला हे खरं आहे.

माझा धंदा २०१८ नंतर वाढला. त्या वर्षी २३ जूनपासून प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू झाली, तोपर्यंत लोक रिकाम्या हातानं मंडईत जायचे आणि आठ कॅरीबॅगा घेऊन यायचे. आता देशाच्या नियमानं १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकची कॅरीबॅग चालत नाही, तरी मिळतेच ती.

दरवर्षी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा मी माझं मशीन घेऊन जाते आणि वारकऱ्यांच्या पिशव्या फुकट दुरुस्त करून देते. एक वर्ष एक आजोबा आले. खांद्यावर कापड, दोन्ही टोकांना पिशवी, तोंड मधोमध, एक भाग छातीवर आणि एक पाठीवर. मी म्हटलं, बाबा ही पिशवी उसवलीय. ते म्हणाले, "माय, ही पिशवी न्हाई, पडशी हाय. पिशवीनं एक हात अडकतो. हिनं दोन्ही हात टाळाला मोकळे राहत्यात." शिवताना बघितलं तर पुढच्या बाजूला भाकरी आणि औषधं, मागे धोतर. पुढचं जड असेल तर चालताना मान खाली जाते म्हणून मागे एक दगड टाकून तोल सांभाळला होता. मी तो दगड काढून द्यायला लागले तर म्हणाले राहू दे, पंढरपुरात टाकीन.

मृण्मयी_को
किती लिहिलंत सगळ्यांनी! शिवणटिपण, तुमच्या पडशीवर मी दोन मिनिटं थांबले. काम बाजूलाच राहिलं आणि आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवतेय. तिनं भर घातली: पिशवी नसताना बायका काय करायच्या? ओच्यात चिंचा, कनवटीला पैसे, ओटीत खण-नारळ. नेसलेल्या लुगड्यातच तीन पिशव्या.

आत्तापर्यंत कौल पिशवीकडे दिसतोय. "पिशवीत टाका", "तुमची पिशवी", "तुमची पिशवी रिकामी आहे". असंच पाठवू का?

सिस्टर_हडपसर
मृण्मयी, थांब गं. तिसरं वाक्य पाठवू नकोस.

मी एकतीस वर्षं नर्स आहे, बरीचशी बाळंतपणाच्या वॉर्डात. आमच्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. बायका दुसरा शब्दच वापरत नाहीत. पिशवीला सूज आलीय, पिशवी खाली आलीय, पिशवीचं तोंड उघडलं, पिशवी धुतली, पिशवी काढली. २०१९ मध्ये बीडकडच्या ऊसतोड बायकांची ऑपरेशनं पेपरात आली तेव्हा बातम्यांत 'गर्भाशय' छापून यायचं, बायका स्वतः 'पिशवी'च म्हणत होत्या. आम्ही पण वॉर्डात तेच बोलतो, कारण घाबरलेल्या बाईला कळणारा शब्द तो आहे.

आता "पिशवी रिकामी आहे" हे आम्ही कधी म्हणतो सांगू? तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं म्हणून बाई येते, सोनोग्राफी होते, आणि मग कुणाला तरी ते सांगावं लागतं. एक मुलगी मला अजून दिसते. पहिलटकरीण, बावीस-तेवीसची. मीच सांगितलं तिला. तिच्या मांडीवर कापडाची पिशवी होती, घरून डबा आणलेला. ती काही बोलली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडायची, परत गुंडाळायची. बोटाचं टोक पांढरं पडलं तेव्हा मी तिचा हात सोडवला.

तुमचं ॲप रात्री बाराला पडल्या पडल्या बघणाऱ्या अशा कितीतरी बायका असतील. "तुमची पिशवी रिकामी आहे" हे त्यांना मोबाइलवर दिसू नये असं मला मनापासून वाटतं. 'पिशवीत टाका'ला माझी हरकत नाही, पण पाठोपाठ दुसरं येणारच.

विद्या_ग
सिस्टर, मी पिशवीचा एवढा आग्रह धरला आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझीसुद्धा पिशवी काढलीय हो, आठ वर्षं झाली. मी तोच शब्द वापरते. तरी नाही आलं लक्षात. माझं मत मागे.

गुलटेकडीकर
सिस्टर, हात जोडतो.

मृण्मयी_को
सिस्टर, बरं झालं तुम्ही थांबवलंत. मी फाईल उघडून बसले होते, पाठवणारच होते.

बाणेरकर_०७
मग थैली?

जुनी_पानं
थैली चांगला शब्द आहे पण त्याच्यात पैसे वाजतात. सत्काराला थैली अर्पण करतात. टपालाची पण थैली. कुर्ते ठेवायला नाही चालणार, वाचणाऱ्याला वाटेल बक्षीस मिळतंय. 'खलिता'सुद्धा मुळात पिशवीच, राजाचं पत्र ज्यात घालून पाठवायचे ती. पुढे पत्रालाच खलिता म्हणायला लागले.

पेठेतला_पक्या
मागे घेतलेलं परत पुढे करू का? बॅगच ठेवा. पण आता कारण सांगतो. पिशवीला, झोळीला, थैलीला प्रत्येकीला स्वतःचा एक जन्म आहे, त्यात दुसरं काही घालायला गेलं की जुनं वर येतं. बॅग आपल्याकडे तशी कोरी आलीय. तिच्यात कुर्ता घातला तर कुर्ताच दिसतो.

विद्या_ग
पटलं रे पक्या. फक्त 'बॅगमध्ये' नको, 'बॅगेत' लिही मृण्मयी.

ट्रेकवेडा
का? मी तर बॅगमध्येच म्हणतो.

निवृत्त_मास्तर
विद्याताईंच्या बाजूनं बोलतो. जो परका शब्द घरात मुरला त्याला आपण आपली विभक्ती लावतो. बँक, बँकेत, बँका. ट्रंक, ट्रंकेत, ट्रंका. तशीच बॅग, बॅगेत, बॅगा. आणि जो अजून ओसरीवरच उभा आहे त्याला नुसतं 'मध्ये' लावून भागवतो: सॅकमध्ये, पर्समध्ये. 'सॅकेत' कुणी म्हणत नाही. म्हणजे बॅग हा शब्द घरचा झाल्याचा पुरावा त्या एका मात्रेत आहे. बसला मात्र हे जमलं नाही, 'बशीत' चढता येत नाही ना.

कोथरूडची_सई
सर :) माझी आजी "ब्यागेत" म्हणायची. म्हणजे तिच्यासाठी तर केव्हाच मुरला होता.

तंबोरा
पण "तुमची बॅग रिकामी आहे" हेही मला जरा बोचतंय. दुकानात गेल्यावर असं तोंडावर कुणी म्हणतं का?

शिवणटिपण
नाहीच म्हणत. लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात अर्धा तास बसून काही पसंत पडलं नाही तरी माणूस म्हणतो, "अजून दाखवू का?" माझ्याकडे बाई रिकाम्या हातानं निघाली तर मी म्हणते, "काहीच घेतलं नाहीत?" पिशवीबद्दल बोलायचं कामच पडत नाही.

मृण्मयी_को
शिवणटिपण, सापडलं!

"अजून काही घेतलेलं नाही."

बॅग नाही, पिशवी नाही, रिकामं पण नाही. आणि खाली बटण आहेच, तिथे इंग्रजीत खरेदी सुरू ठेवा असं काहीतरी आहे, त्याचं "अजून बघा" करते. पहिली दोन "बॅगेत टाका" आणि "तुमची बॅग". आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे माणसानं लिहिलंय असं वाटतं.

मृण्मयी_को
(मंगळवार) कळवते. काल सकाळी पाठवलं. त्यांच्याकडून विचारणा आली की तिसऱ्या वाक्यात 'बॅग' गाळली का, इंग्रजीत आहे. मी सिस्टरांचा अनुभव नाव-गाव न सांगता दोन ओळींत लिहून पाठवला. तासाभरात उत्तर आलं, वाक्य तसंच राहू द्या, आणि हिंदीवाल्यांनाही विचारतो म्हणाले. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू.

सिस्टर_हडपसर
आभार कसले. रात्रपाळीला जातेय, वाचून बरं वाटलं.

बाणेरकर_०७
धागा वर आलाच आहे तर, माझ्या ऑफिसच्या बॅगची चेन बिघडलीय. बंद केली की मागून उघडत जाते. नवीनच घ्यावी लागेल का? (आणि हो, चेनला मराठीत काय?)

शिवणटिपण
चेनच. झिप फक्त दुकानाच्या पाटीवर. नवीन बॅग बिलकुल घेऊ नका, मागून उघडते म्हणजे दात चांगले आहेत, रनर सैल झालाय. मंडईच्या बाजूला फुटपाथवर छत्र्या-बॅगा दुरुस्त करणारे बसतात त्यांच्याकडे न्या. आधी ते रनर पकडीनं दोन्ही बाजूंनी हळूच दाबून बघतील, पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. नाही झालं तर रनर बदलतील. घरी आल्यावर दातांवरून मेणबत्ती फिरवा, पावसाळ्यात अडकत नाही. आणि कधी बॅग टाकून द्यायची वेळ आलीच तर आधी तिचा रनर काढून त्यांना नेऊन द्या, तो दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेला लागतो.

बाणेरकर_०७
उद्याच नेतो. माळ्यावर तीन फाटक्या बॅगा आहेत, त्यांचे पण रनर काढतो आज रात्री.